यंत्र आले, उत्तरदायी कोण?



घाटकोपर-मुलुंडच्या किंवा अंधेरी-बोरिवलीच्या ज्या मराठी कुटुंबांत मागच्या पिढीतील कोणी बँकेत नोकरीला होते, त्या घरांना हाताने लिहिलेले पासबुक निश्चित आठवत असेल. पितळी टोकन घेऊन ग्राहक बाकावर बसे, लेजरचे जाडजूड पुस्तक या टेबलावरून त्या टेबलावर जाई, अधिकारी सही पडताळून पाही आणि मग रोखपाल क्रमांक पुकारी. दोन-तीनशे रुपये काढायला अर्धी सकाळ मोडत असे. मात्र टेबलामागचा कारकून ग्राहकाला चेहऱ्याने ओळखी आणि चूक झालीच, तर ती कोणाच्या हस्ताक्षरात आहे हे पुढच्या क्षणी कळे.

या व्यवस्थेत यंत्र आले ते सहजासहजी नव्हे. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणासंबंधी करार झाला. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. शाखांमध्ये लेजर नोंदवणारी यंत्रे बसू लागली, मुंबईत धनादेशांची छाननी चुंबकीय शाईच्या अक्षरांवरून होऊ लागली आणि १९८७ मध्ये एचएसबीसीने देशातील पहिले एटीएम मुंबईतच उभारले. संगणकीकरणाचा आणखी एक करार १९९३ मध्ये झाला. संगणकाला विरोध करणाऱ्या संघटनांची त्या काळी पुष्कळ टिंगल झाली. ‘प्रगतीचे शत्रू’ अशी त्यांची संभावना झाली. परंतु आज मागे वळून पाहताना दिसते की, त्या विरोधाच्या पोटात एक रास्त प्रश्न होता. माणसाच्या जागी यंत्र बसवल्यावर त्या माणसाने सांभाळलेली जबाबदारी कोणाकडे जाणार? २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांतील सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. प्रश्न मात्र निवृत्त झाला नाही.

विकसनशील देशांनी शिक्षणात आणि बँकव्यवहारात नवे तंत्रज्ञान कसे स्वीकारावे, यावर जगभर परिषदा भरतात. त्यांतील निष्कर्ष वाचण्यापूर्वी आपल्याच उपनगरांकडे पाहिले, तर अधिक शिकायला मिळते. पवई, भांडुप आणि वांद्रे-कुर्ला संकुल ही तीन ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. परंतु या विषयाची जवळजवळ संपूर्ण कथा त्यांच्या त्रिकोणात सामावलेली आहे.

आधी शिक्षण. २००५ मध्ये अमेरिकेतील निकोलस नेग्रोपाँटे यांनी प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याची कल्पना जगापुढे मांडली. लॅपटॉप हाती आला की मूल स्वतःच शिकेल, शिक्षकाची फारशी गरज उरणार नाही, असा त्यामागचा विश्वास होता. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती योजना नाकारली. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील छोट्या शाळेत तिचा भारतातील पहिला प्रयोग झाला. मुलांनी यंत्र आनंदाने हाताळले, यात संशय नाही. परंतु देशभर हे लोण पसरले नाही आणि जगातही त्या चळवळीचा बहर लवकरच ओसरला.

मग भारताने स्वतःचे स्वस्त यंत्र काढायचे ठरवले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅब्लेटचे अनावरण झाले. किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास. वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. पहिल्या आवृत्तीचा पडदा बोटाने जोरात दाबावा लागे आणि बॅटरी लवकर संपे. तक्रारी वाढल्यावर २०१२ मध्ये हे काम पवईच्या आयआयटीकडे सोपवण्यात आले. तेथे प्रा. दीपक फाटक यांच्या चमूने सुधारित आवृत्तीची धुरा घेतली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ सादर झाला. त्याचे भाग चीनमधून आले होते, हे उघड झाल्यावर स्वदेशीच्या घोषणेतील हवा निघाली. पुढे बाजारात स्वस्त स्मार्टफोन आले आणि ‘आकाश’ विस्मरणात गेला.

याच आयआयटीतील दुसरे काम मात्र टिकले. त्याचा गाजावाजा कमी झाला, म्हणून ते पुष्कळांना ठाऊकही नाही. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उभा राहिला. सुमारे दहा-दहा मिनिटांची ध्वनिचित्रफीत. विषय मुक्त संगणकप्रणालींचा – लिनक्स, लिबरऑफिस, पायथन यांसारखा. पडद्यावर दिसणारा मजकूर इंग्रजीतच ठेवलेला, परंतु समजावून सांगणारा आवाज मराठी, तमिळ, बंगाली अशा भारतीय भाषांतला. यामागचा विचार अत्यंत व्यवहारी आहे. उद्या नोकरीत विद्यार्थ्यासमोर येणारा पडदा इंग्रजीच असणार, म्हणून त्याची सवय हवी. पण समज मातृभाषेतून आल्याशिवाय पक्की होत नाही. चित्रफीत एका खिडकीत आणि प्रत्यक्ष प्रणाली शेजारच्या खिडकीत ठेवून विद्यार्थी एकेक पायरी स्वतः करून पाहतो. या उपक्रमासाठी कोणतेही नवे यंत्र विकत घ्यावे लागले नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेले संगणकही पुरले.

असाच धडा महाराष्ट्राने त्याआधीच गिरवला होता. २००१ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि विवेक सावंत यांच्या नेतृत्वाखाली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गल्लोगल्ली पोहोचला. स्थानकाबाहेर, दुकानांच्या वर, चाळीच्या तळमजल्यावर त्याच्या पाट्या दिसू लागल्या. मध्यमवर्गीय गृहिणी, शासकीय कारकून, दहावीची परीक्षा संपलेली मुले असे एक कोटीहून अधिक लोक मराठीतून संगणक शिकले. केंद्र चालवणारा स्थानिक तरुण होता, शुल्क हप्त्याने भरता येत असे आणि अडले तर विचारायला समोर माणूस होता. संगणकसाक्षरतेवर लिहिणाऱ्या विद्वानांनी या पाट्यांची म्हणावी तशी दखल घेतली नाही, ही खंत आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सगळ्या योजनांची एकदम परीक्षा झाली. मुंबई महापालिकेच्या शाळांत आठ भाषांच्या माध्यमांतून शिकवले जाते आणि त्यांतील फार मोठा वर्ग वस्त्यांत राहतो. घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. दहा बाय दहाच्या खोलीत तिघा भावंडांचे तीन वर्ग. टेकडीवरच्या घरात नेटवर्कची ये-जा. पडद्यावरची शाळा कोणाची आणि कोणाची नाही, हे घाटकोपर-विक्रोळीच्या डोंगरउतारावर तेव्हा उघड दिसले. त्या काळात एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ‘बालभारती’च्या पाठांवर आधारित ‘टिलीमिली’ ही मालिका तयार केली आणि ती दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून घरोघरी पोहोचली. ज्या दूरचित्रवाणीला शिक्षणतज्ज्ञांनी केव्हाच निरोप दिला होता, तीच त्या संकटात गरिबाच्या मुलाला उपयोगी पडली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून पाठाचे दृक्-श्राव्य रूप मुलांपर्यंत नेण्याचे त्यांचे काम त्यासाठी गौरवले गेले आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली.

आता बँकांकडे वळू. भ्रमणध्वनीवरून पैसे पाठवण्याचा विषय निघाला की जगात केनियाच्या ‘एम-पेसा’चे उदाहरण दिले जाते. २००७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने बँकेचे दारही न पाहिलेल्या लाखो केनियावासीयांना पैसे पाठवण्याची सोय दिली. तिचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु तो मार्ग एका दूरसंचार कंपनीच्या मालकीचा होता. भारताने वेगळी वाट धरली. रिझर्व्ह बँक आणि भारतीय बँक संघ यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही ना-नफा तत्त्वावरील संस्था मुंबईत स्थापन झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये तिने तत्काळ पैसे पाठवण्याची आयएमपीएस सेवा आणली, २०१२ मध्ये रुपे कार्ड आले आणि ११ एप्रिल २०१६ रोजी गव्हर्नर रघुराम राजन यांच्या उपस्थितीत मुंबईत यूपीआयचा आरंभ झाला. यात कोणत्याही बँकेचा ग्राहक कोणत्याही ॲपमधून दुसऱ्या कोणत्याही बँकेच्या ग्राहकाला पैसे पाठवू शकतो. रस्ता सार्वजनिक, त्यावर गाडी कोणाचीही! त्याआधी २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेने खाती उघडून ठेवली होती. नोव्हेंबर २०१६ च्या निश्चलनीकरणाने लोकांना या रस्त्यावर ढकलले, काहींना सोयीने आणि अनेकांना नाइलाजाने. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील यूपीआय व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींपलीकडे गेली. बोरिवलीच्या भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेही फोनवरून दिले जातात, हे पाहायला परदेशी अभ्यासक येतात ते उगाच नव्हे.

येथेच थांबले असते, तर कथा सुखान्त ठरली असती. पण त्रिकोणाचा तिसरा बिंदू भांडुपला आहे.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे मुख्यालय भांडुपमध्ये होते. बहुराज्यीय, शेड्यूल्ड, सव्वाशेहून अधिक शाखांची आणि पूर्णतः संगणकीकृत. रविवारीही शाखा उघडी असते, म्हणून नोकरदार कुटुंबांना ती सोयीची वाटे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकांच्या फोनवर संदेश आले. सहा महिन्यांत एका खात्यातून केवळ एक हजार रुपये काढता येतील! गृहनिर्माण संस्थांच्या ठेवी, मुलींच्या लग्नासाठी साठवलेले पैसे, निवृत्तांची आयुष्याची पुंजी एका रात्रीत गोठली. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण तोवर शाखांसमोरच्या रांगांत वृद्ध माणसे रडताना सर्व देशाने पाहिली होती.

पोलिसांकडील तक्रारीनुसार, एका बांधकाम उद्योगसमूहाची थकलेली कर्जे झाकण्यासाठी ४४ कर्जखात्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखवण्यात आली होती आणि नियामकाला दिलेल्या यादीत ती होती. हाताने लिहिण्याच्या काळात एकवीस हजार खोटी खाती रचायला किती कारकून, किती शाईच्या बाटल्या आणि किती तोंडे बंद ठेवावी लागली असती, याचा विचार करावा. संगणकाने प्रामाणिक व्यवहार जितका सुलभ केला, तितकाच अप्रामाणिकही. संचालक मंडळ, लेखापरीक्षक आणि नियामक यांनी पडद्यावरची यादी खरी मानली, कारण ती पडद्यावर होती.

त्यानंतर कायदा बदलला, हे नमूद करायला हवे. ठेवींवरील विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली. त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवी मात्र दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने परत करण्याचे विलीनीकरणाच्या योजनेत ठरले. निर्बंधांच्या दिवशी जो सत्तरीत होता, त्याने ही दहा वर्षे कशी मोजावीत?

अलीकडे संकट थेट घरात शिरले आहे. मुलुंड-बोरिवलीच्या सदनिकांत मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेलेली आणि मागे वृद्ध आई-वडील, असे चित्र सर्रास दिसते. गणवेशातील ‘अधिकारी’ फोनच्या पडद्यावर अवतरतो, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे सांगतो, ‘डिजिटल अटक’ झाली आहे असे धमकावून तासन्‌तास फोन बंद करू देत नाही आणि मुदत ठेवी मोडून पैसे पाठवायला लावतो. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून हे देशाला सांगितले, तरी फसणारे फसतच राहिले, कारण भीतीने गारठलेल्या माणसाला त्या क्षणी नियम आठवत नाही, शेजारी आठवला, तर तो वाचतो. खेदाची गोष्ट अशी की, अशा सापळ्यात सापडणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या पडताळलेले लोकही असतात. समोरच्या टेबलावरचा माणूस गेला आणि त्याच्याबरोबर ‘जरा थांबा, हे पैसे कोणाला पाठवताय?’ असे विचारणारा आवाजही गेला.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवून दिलेल्या नियमांत, ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी खात्यातून पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर भार पडत नव्हता. पण ग्राहकाने स्वतःच ओटीपी वा पिन सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच मानले गेले. फसवणुकीने काढून घेतलेला ओटीपी आणि निष्काळजीपणाने सांगितलेला ओटीपी यांत तो नियम फरक करत नव्हता. मोठी रक्कम प्रथमच अनोळखी खात्यात जात असताना ज्येष्ठ नागरिकाच्या खात्यासाठी काही तासांचा विराम आणि घरातील दुसऱ्या व्यक्तीची संमती, ही सोय बँकांनी देण्यात तांत्रिक अडचण फारशी नाही.

तोवर जे हातात आहे ते करता येते. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर लगेच कळवले, तर पुढच्या खात्यांत फिरणारी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. रात्र उलटली की ती झपाट्याने घटते. हा क्रमांक इमारतीच्या सूचनाफलकावर, उद्वाहनाशेजारी, वाचनालयाच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेला असावा. आणि शनिवार-रविवारी एक-दोन तास काढून आपल्या जिन्यावरच्या आजी-आजोबांच्या फोनमध्ये तो साठवून देणे, व्यवहाराची मर्यादा कमी करून देणे, भीम ॲपची भाषा मराठी करून देणे, एवढे काम प्रत्येक सोसायटीतील चार महाविद्यालयीन मुलांना सहज जमण्यासारखे आहे.