कचेरीतला ईमेल अडतो तेव्हा

आज पापड-मसाल्याचं नाही, संघाच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरचं बोलणार आहोत. रेडिओ बंद करू नका, कारण यात आमचं फराळाचं कर्ज अडकलं होतं.

दिवाळीच्या आधी बँकेतून फोन आला, दोन ठरावांवर सह्या राहिल्यात, मेल बघा, चारच्या आत पाठवा. आम्ही थंडरबर्ड उघडलं. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. इनबॉक्स दिसायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. चार वाजून गेले. हातापाया पडून एक दिवस मागून घेतला, म्हणून निभावलं.

कोणी म्हणालं नेट खराब, कोणी म्हणालं नवा कॉम्प्युटर घ्या. पैसे कुठले? एका ताईंची लेक तालुक्याला शिकते, ती रविवारी आली. बघून म्हणाली, "मावशी, हे कधी झाडलंत का?" आम्ही म्हणालो, रोज पुसतो की! ती हसतच सुटली.

तिनं आपल्या खतावणीवरूनच समजावलं. थंडरबर्डमध्ये साधारणपणे एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये असतात. आपण मेल डिलीट केली की नुसती नोंदीवर रेघ मारली जाते, पान तसंच राहतं. वर्षानुवर्षं रेघा मारलेली पानं साठतात आणि वही जड होते. 'कॉम्पॅक्ट' म्हणजे चांगल्या नोंदी नव्या वहीत उतरवून जुनी टाकून देणं. ती मधून मधून विचारायचीसुद्धा, कॉम्पॅक्ट करू का? घाईत आम्ही दर वेळी 'नको' दाबत होतो. दोष आमचाच.

पण लगेच बटण दाबू नका. तिनं आधी थंडरबर्ड बंद करून त्याचं प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवलं. काहींच्या मेल फक्त त्याच कॉम्प्युटरवर असतात, सर्व्हरवर उरत नाहीत, म्हणून हे आधी. मग ट्रॅश रिकामं केलं, पण त्यातलं एकेक बघून, कारण कॉम्पॅक्टनंतर पुसलेली मेल परत मिळत नाही. डिस्कवर जागा मोकळी आहे ना तेही पाहिलं. नवी वही पूर्ण लिहून होईपर्यंत जुनी ठेवावी लागते ना! मग फाइल मेनूतून 'कॉम्पॅक्ट फोल्डर्स'. चालू असताना हात लावायचा नाही. आम्ही चहा प्यायला गेलो.

एक फोल्डर तरी अडतच होतं, यादीत मेल दिसायच्या पण उघडल्या की दुसऱ्याच निघायच्या. ती म्हणाली, अनुक्रमणिका बिघडली. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'. तेवढ्यानं ती नव्यानं तयार झाली.

अँटिव्हायरसचंही एक आहे. नवी मेल आली की ती मोठी फाइल बदलते, आणि तो ती पुन्हा पहिल्यापासून तपासत बसू शकतो. म्हणून अँटिव्हायरस बंद करू नका हं! जाणत्या माणसाकडून फक्त मेलचं फोल्डर त्या तपासणीतून वगळून घ्या. आलेली जोडपत्रं मात्र तपासूनच उघडायची. आणि इतकं करूनही हळू चाललं, तर हेल्प मेनूतून 'ट्रबलशूट मोड'मध्ये उघडून पाहा. तिथं वेगानं चाललं तर वरून बसवलेल्या एखाद्या अॅड-ऑनची खोडी समजा.

शेवटी इनबॉक्स फोडला. वर्षाप्रमाणे फोल्डर केले आणि जुन्या मेल हलवल्या. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, दोन दुपारी गेल्या. त्यात मागच्या वर्षीचं मसाल्याच्या ऑर्डरचं एक न वाचलेलं पत्र सापडलं, ते वेगळंच दुखणं.

आता महिन्याची बैठक संपली की वहीवर सह्या होतात, तेव्हाच एक ताई कॉम्पॅक्टला लावते. थंडरबर्ड चहा गाळेपर्यंत उघडतं. तुमच्या कचेरीत दुसरा प्रोग्रॅम असेल, तर त्याचं नाव लिहून केंद्रावर चिठ्ठी पाठवा, पुढच्या बुधवारी त्यावर बोलू.