अनुभव आमचा, सिद्धान्त कुणाचा?

(बंगळूरमध्ये मराठी भाषक श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज प्रा. गोपाळ गुरू यांच्याबद्दल बोलायचं आहे. गुरू सर महाराष्ट्रातले. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, मग दिल्ली विद्यापीठ, मग जेएनयू, आणि जानेवारी २०१८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चं संपादकपद. एवढं सांगितलं की सत्काराचं भाषण पूर्ण होतं. आपला माणूस मोठ्या पदावर गेला की आपण हार घालतो, आणि त्याने लिहिलेलं वाचायचं मात्र राहून जातं. म्हणून पदं बाजूला ठेवू, त्यांनी विचारलेला एक प्रश्न घेऊ.

२००२ साली याच साप्ताहिकात त्यांनी विचारलं होतं की भारतातली सामाजिक शास्त्रं कितपत समतावादी आहेत? पंधरा वर्षांनी ते त्याच्याच संपादकाच्या खुर्चीत बसले, हे विशेष. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्ञानाच्या क्षेत्रातही वर्णव्यवस्था आहे. सिद्धान्त मांडणारे वर, आणि आकडे, तपशील, मुलाखती गोळा करणारे खाली. दलित अभ्यासकाला खालच्या कामावर बसवलं जातं आणि हळूहळू त्यालाही तीच आपली जागा वाटू लागते.

मला हे समजायला लेख वाचावा लागला नाही. एम.ए.ला असताना मला स्वातंत्र्याच्या संकल्पनेवर प्रबंध लिहायचा होता. मार्गदर्शक प्रेमानेच म्हणाले, “अहो, तुम्ही तुमच्या वस्तीवर लिहा ना, तुम्हाला माहिती सहज मिळेल.” शेजारच्या टेबलावरच्या मुलाला त्याच्या सोसायटीवर लिहायला कुणी सांगितलं नाही. त्याला न्यायाची संकल्पना मिळाली.

आणि हे फक्त मनोवृत्तीचं नाही, हिशेबाचंही आहे. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने प्राध्यापक भरतीत आरक्षणासाठी विद्यापीठ नव्हे, विभाग हा घटक धरला. मग तेरा बिंदूंची नामावली लागू होऊ लागली. तिच्यात चौथी जागा ओबीसींची, सातवी अनुसूचित जातीची, चौदावी अनुसूचित जमातीची. आता सांगा, तत्त्वज्ञानाच्या विभागात सात जागा असतात का? पाच जागांच्या विभागात सातवा बिंदू यायचा कधी? देशभर आंदोलनं झाली, २०१९ मध्ये कायदा आला आणि विद्यापीठ पुन्हा घटक झालं. पण त्याच कायद्याने ‘उत्कृष्टतेच्या’ काही संस्था परिशिष्टात घालून वगळल्या. उत्कृष्टता आणि आपण, यांच्यामध्ये कायद्यानेच एक परिशिष्ट ठेवलं आहे!

बंगळूरचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. गुरूंच्या लेखाला ज्यांनी गंभीर उत्तर दिलं ते सुंदर सरुक्काई, भौतिकशास्त्राकडून तत्त्वज्ञानाकडे आलेले. आयआयएससीच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीजमध्ये त्यांनी अनेक वर्षं काम केलं. गुरूंचा आग्रह असा की ज्याने भोगलं नाही, त्याने त्या भोगण्याचा सिद्धान्त मांडण्यात नैतिक अडचण आहे. सरुक्काई विचारतात, अनुभवाचा मालक आणि अनुभवाबद्दल लिहिणारा लेखक एकच असला पाहिजे का? पण तेच पुढे असंही सांगतात की जगलेला अनुभव म्हणजे ज्यातून उठून जाण्याची सोय नसते तो. हौसेने चार दिवस वस्तीत राहणारा पाचव्या दिवशी घरी जातो. ही देवाणघेवाण वाढत गेली आणि २०१२ मध्ये ‘द क्रॅक्ड मिरर’ हे दोघांचं पुस्तक आलं. दोघांचं एकमत झालं नाही, तरी पुस्तक झालं. आपल्याकडच्या वादांमध्ये हे क्वचित घडतं.

बाबासाहेबांकडे पाहा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. त्यात स्वतःवरच्या अन्यायाची कहाणी नाही. जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनातून जात कशी उभी राहते, याची मांडणी आहे. अपमानाच्या आठवणी त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिल्या, पण त्या त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाल्या नाहीत. जगासमोर त्यांनी आधी सिद्धान्त ठेवला.

एका ठिकाणी मात्र माझं गुरू सरांशी जमत नाही. दलितांनी सिद्धान्ताऐवजी कवितेवर समाधान मानू नये, असं ते बजावतात. इशारा रास्त आहे. आपल्या आत्मकथनांवर इतरांनी पीएच.डी. केल्या, प्राध्यापक झाले, हे आपण पाहिलं. पण ‘गोलपिठा’ला नुसता कच्चा माल कसं म्हणायचं? ढसाळांनी मराठी भाषेतली शुद्ध-अशुद्धाची उतरंडच मोडली. जातीबद्दलचा तो विचारच आहे, फक्त त्याला तळटीपा नाहीत. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. ते नसतं तर माझ्यासारख्याला आपल्या घराबद्दल विचार करायला शब्दच मिळाले नसते.

त्यांची गाजलेली पुस्तकं इंग्रजीत आहेत, ही अडचणही आहेच. इथे बसलेले निम्मे लोक दिवसभर इंग्रजीत काम करतात. त्या २००२ च्या लेखाची पानं मी सोबत आणली आहेत. एकेक परिच्छेद घेऊन मराठीत मांडायला कोण तयार आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा. ‘एम्पिरिकल’ला मराठीत काय म्हणायचं, इथूनच भांडण सुरू होईल.