थिबा राजाची नात

मनुष्याची सांस्कृतिक ओळख वंशाने ठरते की सहवासाने, हा प्रश्न पंडितांनी पुष्कळ चर्चिला आहे; परंतु आपणां रत्नागिरीकरांस त्याच्या उत्तरासाठी ग्रंथ धुंडाळण्याचे कारण नाही, कारण याच गावात एका राजकुलाच्या तीन पिढ्यांत ते उत्तर घडून गेले आहे.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा यास पदच्युत करून, प्रथम मद्रासेस व पुढे १८८६ च्या एप्रिलात येथे आणून नजरकैदेत ठेवले. ऐन सत्ताविशीत आलेला हा राजा १९१६ च्या डिसेंबरात येथेच वारला. तीस वर्षे! ज्या देशावर त्याने अवघी सात वर्षे राज्य केले त्याच्या चौपटीहून अधिक काळ तो आपल्या गावात राहिला, आणि तरीही तो रत्नागिरीकर झाला नाही. होणार तरी कसा? सरकारच्या परवानगीवाचून त्याला गावची हद्द ओलांडता येत नसे, आवाराबाहेर तो क्वचितच पडे, आणि बाजाराशी त्याचा संबंध आला तो मुख्यत्वे तनखा पुरेनासा झाल्यावर जवाहीर विकण्यापुरता व सावकारांच्या कर्जापुरता. १९१० साली भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा राहिलेला तो भव्य राजवाडा म्हणजे, माझ्या मते, एकांतवासाचाच अधिक प्रशस्त बंदोबस्त होता.

राजकन्यांची गोष्ट निराळी. नोकरचाकरांत वाढताना त्या येथील बोली शिकल्या. आणि ज्येष्ठ राजकन्येचे मन तर पहाऱ्यावरील गोपाळ सावंत या दरवानावर जडले. त्या संबंधातून १९०६ च्या सुमारास जन्मलेली कन्या म्हणजे टूटू. १९१९ साली राजकुटुंब रंगूनला परतले, परंतु ज्येष्ठ राजकन्या पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ साली मृत्यू येईपर्यंत येथेच राहिली. तिला जन्मभूमीपेक्षा ही भूमी जवळची वाटली असली पाहिजे, असे मानण्यास ही एक कृतीच पुरेशी आहे.

टूटूने मराठी माणसाशी संसार केला, मुलेबाळे वाढविली, आणि संसाराला हातभार म्हणून कागदाची फुले केली, शेणाच्या गोवऱ्या थापून विकल्या. गोवरी विकावयाची म्हणजे दारोदार बोलणे आले, उधारी आली, पावसाळ्यापूर्वी त्या सुकल्या नाहीत तर काय होईल ही चिंता आली, शेजारणीच्या सुखदुःखाची चौकशी आली. ज्या गावात शिमग्याला ग्रामदैवत भैरीची पालखी घरोघर येते आणि दाराशी गाऱ्हाणे घातले जाते, त्या गावात असे आयुष्य काढणाऱ्या बाईला तू कोणत्या देशाची, असे कोण विचारणार? तिची भाषा मराठी होती आणि तिचा संसार चारचौघींसारखा रत्नागिरीचा होता.

यात मला दारिद्र्याचे गौरवगान करावयाचे नाही. राजवंशाच्या वारशातून तिच्या पदरी फारसे काही पडले नाही, आणि समाजाच्या आपलेपणाने चूल पेटत नाही, हे खरेच आहे. शिवाय ज्या गावाने ब्रह्मी राजाच्या नातीला सामावून घेतले, त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहणाऱ्या अस्पृश्य बंधूंना देवळात व पंगतीत स्थान नव्हते. सावरकरांच्या प्रयत्नाने आणि भागोजीशेठ कीरांच्या द्रव्याने १९३१ साली पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी उघडले, तेव्हा कोठे त्या बंदीला तडा गेला. जो रोज उंबऱ्याबाहेर थांबविला जातो त्याचीही ओळख त्या थांबण्यातूनच घडते. ती किती कडवट असेल याचा विचार आपण आजही पुरेसा केलेला नाही.

थिबा पॅलेस पाहावयास दूरदूरचे प्रवासी येतात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशाचे, तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन हेही येऊन गेले. राजाचा इतिहास सरकारी दप्तरात सुरक्षित आहे. टूटूचा मात्र बहुतांशी माणसांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे आता वृद्ध होत चालली आहेत. ज्यांनी तिला पाहिले, तिच्याकडून गोवऱ्या वा फुले घेतली, जे तिच्याशी चार शब्द बोलले, त्यांनी आपल्या आठवणी नातवंडांकडून तरी लिहून घ्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.