दगड शिकून पोट भरते का?

गेल्या वर्षी सिन्नरकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन माझ्याकडे आले. पोरगा बारावी सायन्स झालेला, आणि त्याने भूशास्त्र शिकायचा हट्ट धरलेला. "सर, दगड शिकून पोट भरतं का?" वडिलांचा रोकडा सवाल. मी विचारले, "शेतात पाणी किती?" म्हणाले, "तीन बोअर मारल्या, तिन्ही कोरड्या. पाणाड्यानं जागा दाखवली होती." म्हटले, "मग तुमच्याच प्रश्नाचा अभ्यास करायला निघालाय तो."

आपला जिल्हा म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो रस भुईच्या भेगांतून वर आला नि निवला. थराच्या माथ्याशी बुडबुडे अडकले, तो आपला मांजऱ्या. मधला घट्ट भाग, तो काळा फत्तर. मांजऱ्या झिजून भुसभुशीत झाला की पाणी धरतो. फत्तरात पाणी मिळते ते फक्त सांध्यांत आणि चिरांत. म्हणून बांधाच्या अलीकडे विहीर भरलेली आणि पलीकडे दोनशे फुटांवर नुसती धूळ. याला आपण नशीब म्हणतो!

पाणी, माती, दरडी, कारखान्यांचे सांडपाणी जमिनीत कुठवर मुरले, हे सारे पर्यावरणीय भूशास्त्रात येते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, दीडशेच्या आसपास माणसे दगावली. असे डोंगर आधीच तपासायला माणसे लागतात.

बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. करावी, पुण्याला विद्यापीठात हा विभाग आहे. पुढे केंद्राची भूवैज्ञानिकांची परीक्षा देता येते. तिच्यातून 1851 साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात किंवा केंद्रीय भूजल मंडळात जाता येते. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. धरणे, बोगदे, खाणी यांनाही हा माणूस लागतो. मात्र जागा थोड्या, परीक्षा कठीण, आणि उन्हातान्हात पायपीट ठरलेली. हे मी त्या वडिलांपासून लपवले नाही.

मुलगा पुण्याला गेला. दिवाळीला आला तो हातोडी घेऊन थेट शेजाऱ्याच्या विहिरीत उतरला. वडील काठावरून ओरडून विचारीत होते, "काय दिसतंय रे?"