विवाहाचा पुरावा

लग्न लागलें कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं आपल्या समाजांत फार काळ कोणी सरकारदरबारीं गेलें नाहीं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, कीं दोनशें माणसें साक्षीदार झालीं. परंतु वर एका देशाचा नागरिक आणि वधू दुसऱ्या देशाची असा योग जुळून आला, म्हणजे या दोनशें साक्षीदारांची साक्ष पुरेशी होत नाहीं. दोघांनीं एका छपराखालीं राहावें कीं नाहीं, हें एक अधिकारी कागद पाहून ठरवितो.

ब्रिटनचें उदाहरण घेऊं, कारण मराठी कुटुंबांचा त्या देशाशीं संबंध जुना आहे. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं स्थापन झालें. त्या काळीं येथील मनुष्यास तेथें जाऊन राहण्यास परवाना लागत नसे. १९६२ च्या कायद्यानें राष्ट्रकुलांतील लोकांचा तो मार्ग अडविला, आणि १९६९ पासून पत्नीलाही मायदेशीं असतांनाच प्रवेशपरवाना काढणें भाग झालें. नियोजित वधूला मात्र तशी सक्ति नव्हती. या भेदांतून १९७९ च्या जानेवारींत एक लाजिरवाणा प्रकार घडला. लग्नासाठीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेली एक भारतीय स्त्री अगोदरच विवाहित असावी, असा अधिकाऱ्यांना संशय आला, आणि तिच्या कौमार्याची वैद्यकीय तपासणी करण्यांत आली. वर्तमानपत्रांनीं वाचा फोडल्यावर ती प्रथा बंद झाली. संशय मात्र बंद झाला नाहीं; त्यानें निराळें रूप घेतलें.

तें रूप म्हणजे 'प्रधान हेतूचा' नियम. १९८० च्या नियमांत तो आला आणि १९८३ मध्यें सिद्धतेचें ओझें सर्वस्वीं अर्जदारावर पडलें. विवाह खरा आहे, नवराबायको एकत्र राहणार आहेत, एवढें सिद्ध करून भागत नसे. ब्रिटनमध्यें प्रवेश मिळविणें हा या विवाहाचा प्रधान हेतु नव्हता, हेंही दाखवावें लागे. आतां जो हेतु मनांत नव्हता, तो नव्हता हें कसें दाखवावें? लग्नानंतर कोठें राहणार, असें विचारल्यावर तरुणानें सरळपणें 'पत्नीच्या घरीं, ब्रिटनमध्यें' असें सांगितलें, कीं तेंच त्याच्यावर उलटे. वडील माणसांनीं स्थळ पाहिलें, पत्रिका जुळविली, मुलामुलीची एकदोनदांच भेट झाली, ही आपल्याकडील नित्याची रीत. तिकडच्या कचेरींत तीच शंकेचें कारण होई. लग्नापूर्वींचा पत्रव्यवहार दाखवा म्हटलें, तर आपल्या घरांतील सालस मुलीनें तो कोठून आणावा?

नियमाचा रोंख मुख्यतः बाहेरून येणाऱ्या पतींवर होता. ब्रिटनमध्यें स्थायिक झालेल्या तीन स्त्रिया स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयांत गेल्या, आणि मे १९८५ मध्यें तेथील न्यायाधीशांनीं हा स्त्रीपुरुषभेद बेकायदेशीर ठरविला. सरकारनें निर्णय मानला, पण कसा? पतींवरील जाच कमी करून नव्हे, तर तोच जाच पत्नींनाही लागू करून. समानतेचा असा अर्थ लावण्यास विशेष बुद्धि लागते! पुढें सत्तापालट झाल्यावर जून १९९७ मध्यें हा नियम रद्द झाला. तोंपर्यंत कित्येक नव्या संसारांचीं पहिलीं वर्षें टपालाच्या वाटेकडे डोळे लावून गेलीं.

आजचे नियम हेतूपेक्षां पैशाकडे अधिक पाहतात. जुलै २०१२ मध्यें असें ठरलें कीं, ब्रिटनमधील जोडीदाराचें वार्षिक उत्पन्न निदान १८,६०० पौंड हवें. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठीं तो आंकडा २९,००० झाला. येथें बहुतेक कुटुंबांची फसगत होते. पुण्यांत भरभक्कम पगार घेणारी वधू विलायतेंत नवऱ्याकडे जाऊं इच्छिते. तिच्या इकडील पगाराचा या हिशेबांत एक पैसाही धरला जात नाहीं. साताऱ्याकडची शेती, घर, अंगावरचें सोनें यांचेंही तसेंच. त्यांची रोकड झाल्यावांचून त्यांना मोल नाहीं. केवळ शिलकीवर भिस्त ठेवावयाची, तर ८८,५०० पौंड सहा महिने हाताशीं असावे लागतात. फेब्रुवारी २०१७ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें किमान उत्पन्नाचें तत्त्व वैध ठरविलें. परंतु त्यामुळें हजारों जोडप्यांचे हाल होतात हें मान्य केलें, आणि मुलांच्या हिताकडे नियमांत पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं असा ठपका ठेवला. दुकानांत किंवा रुग्णसेवेंत थोडक्या पगारावर राबणाऱ्या मनुष्याला परदेशी जोडीदार परवडूं नये, हा न्याय कोणत्याही सुसंस्कृत राष्ट्रास शोभणारा नव्हे.

खर्चही लहान नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें अर्जाचें शुल्क १,९३८ पौंड होतें. आरोग्यसेवेचा आकार वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो पहिल्या मुदतीसाठीं एकदम भरावयाचा. ही मुदत तेहतीस महिन्यांची. पुढें पुन्हां अर्ज, पुन्हां शुल्क, आणि पांच वर्षें पुरीं झाल्यावर कायम वास्तव्याचा हक्क मागतां येतो.

तेव्हां ज्यांच्या घरांत असा योग आला असेल, त्यांनीं आरंभापासून कागद जपावे. नोकरदारानें त्याच मालकाकडील निदान सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि त्याच महिन्यांचा बँकेचा उतारा द्यावा. पावतीवरील रक्कम उताऱ्यांत तंतोतंत दिसली पाहिजे. पगाराचा कांहीं भाग रोख घेण्याची संवय येथें घात करिते. क्षयरोग नसल्याचा दाखला मान्यताप्राप्त दवाखान्याचाच लागतो, आणि तो सहा महिनेच चालतो. इंग्रजी बोलण्याची व समजण्याची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. इंग्रजी माध्यमांतून पदवी घेतलेल्यांना तींतून सूट मिळूं शकते, मात्र तेथील नियुक्त संस्थेनें ती पदवी प्रमाणित केली पाहिजे. प्रवासाचीं तिकिटें, एकत्र छायाचित्रें, फोनवरील संभाषणांच्या नोंदी, हें सर्व तारखेवार लावावें. भाराभर छायाचित्रें पाठविण्यापेक्षां निरनिराळ्या प्रसंगांचीं थोडकीं बरीं. अर्ज नाकारला गेला, तर परदेशांत असलेल्या अर्जदारास बहुधा अठ्ठावीस दिवसांच्या आंत न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. हे दिवस शोक करण्यांत घालवूं नयेत.

आणखी एक गोष्ट खास आपल्या घरांतली. लग्नांत तांदुळाच्या ताटांत वधूचें नवें नांव लिहिण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचें नांव, निमंत्रणपत्रिकेवर लाडाचें, विवाहनोंदणीच्या दाखल्यावर एक आणि पारपत्रावर दुसरेंच, असे प्रकार सर्रास आढळतात. येथील सोयऱ्यांना त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. पण तिकडील अधिकाऱ्यापुढें त्या चार निरनिराळ्या स्त्रिया उभ्या राहतात. सर्व कागदांवर एकच नांव करून घ्यावें. तें न जमल्यास नांवबदलाचें राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडावें, आणि मराठी कागदाबरोबर भाषांतरकाराच्या सही-तारखेचें प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावें. नांव बदलावयाचेंच असेल, तर तें पारपत्र काढण्यापूर्वीं बदलावें. नाहीं तर ताटांतले तांदूळ परवाना हातीं येईपर्यंत तसेच राहूं द्यावे.