ओटा कोणाचा?



पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या नावात इतिहासाचा एक उपरोध दडलेला आहे. १८८६ साली खुली झालेली ही वास्तू तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाई. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि मंडईच्या बांधणीवर पैसा खर्च करण्यास त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, याच वास्तूला जोतीरावांचे नाव मिळाले. नाव बदलले, परंतु सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले छप्पर अखेर कोणाच्या डोक्यावर येते, हा प्रश्न राज्यातील प्रत्येक मंडईत आजही शिल्लक आहे.

मंडईतील ओटा किंवा गाळा ही विक्रेत्याची मालमत्ता नव्हे. जागा नगराची; विक्रेत्याला मिळतो तो तेथे बसून ठरावीक माल विकण्याचा परवाना. हे झाले तत्त्व. व्यवहारात मात्र परवाना एकाच्या नावे राहतो आणि ओट्यावर दुसराच बसतो. मूळ परवानेदार पालिकेला नाममात्र भाडे भरतो, पोटभाडेकरूकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करतो आणि स्वतः कोथिंबिरीच्या जुडीलाही हात लावीत नाही. सार्वजनिक जागेवर अशी एक छोटी जमीनदारी उभी राहते. कूळ कष्ट करते, खंड दुसऱ्याच्या घरी जातो.

यावर लिलावाचा उपाय सुचविला जातो. कायद्याचा कलही त्याच दिशेला आहे. पुण्यासह राज्यातील बहुतेक महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या महापालिका अधिनियमानुसार पालिकेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारभावाहून कमी असता कामा नये. तिजोरीच्या रक्षणासाठी ही तरतूद योग्यच वाटते. पण हा बाजारभाव कोणता? भाजीचा नव्हे, जमिनीचा! शहराच्या मध्यवस्तीतील जमिनीचा भाव मेथीच्या जुडीवर लादला, तर ती जुडी तो सोसणार कशी? भाजीवालीला तो भार गिऱ्हाइकावरही टाकता येत नाही. कारण दहा पावलांवर हातगाडीवाला तीच जुडी कमी दराने देत असतो. संध्याकाळपर्यंत न खपलेला माल कोमेजतो आणि तोटा तिच्याच पदरात पडतो. अखेर ती ओटा सोडून पदपथावर पथारी मांडते. तिच्या जागी ते भाडे झेपेल असा, न नासणाऱ्या मालाचा व्यापारी येतो. मग पालिकेची अतिक्रमणविरोधी गाडी येते आणि त्याच बाईची पाटी उचलून नेते. जिला आतून भाड्याने हुसकावले, तिलाच बाहेरून कायद्याने हुसकावायचे, याला नियमन म्हणता येईल काय?

लिलावाच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. लिलाव नसेल तर वशिला येतो. गाळे पुढाऱ्यांच्या आप्तेष्टांत वाटले जातात. ही भीती खोटी नाही. परंतु वशिला आणि लिलाव एवढे दोनच मार्ग आहेत, हे मानणे चुकीचे आहे. पात्रतेचे निकष आधी जाहीर करून, स्वतः विक्री करणाऱ्यांतून उघड सोडत काढता येते आणि मंडईच्या देखभालीचा खर्च भागेल असे भाडे ठरविता येते.

या मार्गाची रूपरेषा कायद्यातच उपलब्ध आहे. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर व्यवसाय करण्याचा हक्क, वाजवी निर्बंधांसह, घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात मोडतो असे मान्य केले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने पुढचे पाऊल टाकले. विक्रेत्याने व्यवसाय स्वतः किंवा कुटुंबीयामार्फत करावा. उपजीविकेचे दुसरे साधन नसल्याची हमी द्यावी. प्रमाणपत्र भाड्याने देऊ नये. त्याच्या मृत्यूनंतर किंवा कायमच्या अपंगत्वानंतर ते जोडीदाराला अथवा अवलंबून असलेल्या अपत्याला मिळावे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. या कायद्याची अंमलबजावणी रखडली, हे खरे; त्यामुळे त्यातील न्याय कमी होत नाही.

पदपथावरील पथारीसाठी जो न्याय संसदेने मान्य केला, तो पालिकेच्या स्वतःच्या छपराखालील ओट्याला का नसावा? जो बसेल त्याचा परवाना. जो भाड्याने देईल त्याचा परवाना रद्द. आणि मंडईच्या कारभारात विक्रेत्यांचा निवडून आलेला वाटा. यासाठी १९४९ च्या अधिनियमात दुरुस्ती करून ताज्या अन्नाच्या बाजारांना बाजारभावाच्या अटीतून वगळावे लागेल. विक्रेत्यांनाही जबाबदारी टाळता येणार नाही. चोख वजनमापे, स्वच्छता, मोकळी ठेवलेली वाट या अटी त्यांनी पाळल्याच पाहिजेत. अन्यथा ग्राहक त्यांच्या बाजूने उभा राहणार नाही.

मंडई हे पालिकेच्या उत्पन्नाचे साधन होण्याआधी शहराचे स्वयंपाकघर आहे. पाणीपुरवठा किंवा प्राथमिक शाळा लिलावात काढाव्यात असे कोणी म्हणत नाही. रोजच्या भाजीभाकरीचा विचार त्याच पंक्तीत झाला पाहिजे. जोतीरावांचे नाव मंडईच्या दारावर आहेच. त्यांचा प्रश्न आता तिच्या नियमावलीत यावा.