आधी तिचे म्हणणे ऐकू या

महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि गोव्याहून आलेले प्रतिनिधी, आणि स्वतःच्या आजाराविषयी चारचौघांत बोलायला पुढे आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे नवी मुंबईतल्या या परिषदेत मनःपूर्वक स्वागत करते. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर हे शहर वसवले गेले. आगरी-कोळी घरांतल्या बायकांच्या हातून भातशेती आणि मिठागरे गेली. लग्न होऊन इथे आलेल्या कितीजणींनी माहेरापासून दूर, अनोळखी इमारतींत संसार मांडले. जमिनीचा मोबदला ठरला. मनावर पडलेला भार कुणी मोजला नाही.

हा भार वाहणारी बाई दवाखान्यात सांगते, "छातीत धडधडतं, रात्र रात्र डोळा लागत नाही, हातापायांत बळच नाही." रिपोर्ट नॉर्मल येतात. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," म्हणत शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि पुढचा प्रश्न विचारला जातो तो सोबतच्या नवऱ्याला. मानसिक आजाराचे निदान एकदा केसपेपरवर चढले, की तिने पोटदुखी सांगितली तरी "तुमच्या त्या गोळ्या चालू आहेत ना?" एवढ्यावर बोळवण होते. दोन्ही वेळा अविश्वास तिच्याच शब्दावर.

गोव्यातल्या सुमारे 2,500 स्त्रियांची पाहणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे 12 टक्के स्त्रिया सहा महिने किंवा अधिक काळ थकव्याने त्रस्त होत्या. त्या थकव्याचे धागे हिमोग्लोबिनपेक्षा मनाच्या त्रासाशी आणि हलाखीशी अधिक जुळले. गोव्यातल्याच 2002 च्या अभ्यासात 23 टक्के बाळंतिणींमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी ही त्यामागची काही कारणे. रक्तक्षयावर लोहाची गोळी हवीच, पण मारहाणीवर ती उपाय नाही.

पुण्याच्या भार्गवी दावर यांनी हेच आयुष्यभर मांडले. आईच्या वाट्याला आलेले मनोरुग्णालय त्यांनी लहानपणी पाहिले होते. 1999 मध्ये त्यांनी 'बापू ट्रस्ट' उभा केला आणि भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तकही लिहिले. 2024 मध्ये त्या गेल्या. आज त्यांची आठवण कृतज्ञतेने काढते.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आपल्या हाती बरेच दिले आहे. आजारी स्त्री आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते. तो नवराच असावा असे बंधन नाही. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे ती आधीच लिहून ठेवू शकते. दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडता येत नाही. हे हक्क किती वॉर्डांत समजावून सांगितले जातात, याचा हिशेब आपण मागायला हवा.

म्हणून पहिल्या सत्रात अनुभव सांगणाऱ्या भगिनी बोलतील. तज्ज्ञांनी आधी ऐकावे आणि मग बोलावे, ही नम्र विनंती. परिषदेने एक ठरावही करावा, असे मला मनापासून वाटते: प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात बाईला डॉक्टरांशी एकटीने बोलता यावे आणि तिची तक्रार तिच्याच शब्दांत केसपेपरवर नोंदली जावी. याला नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. त्याची सुरुवात नवी मुंबईतून व्हावी, यासाठी स्वागत समिती परिषदेनंतरही पाठपुरावा करील, हा शब्द देते.